जॉन मॅक्लेंडन : नियमातली मोकळी जागा शोधणारा प्रशिक्षक

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले प्रशिक्षक म्हणजे जॉन मॅक्लेंडन. ज्या विद्यापीठात त्यांनी या खेळाचे शास्त्र शिकून घेतले, त्या विद्यापीठाच्या संघात मात्र त्यांना कधीही घेतले गेले नाही, कारण ते कृष्णवर्णीय होते. १९३३ साली ते त्या विद्यापीठात दाखल झाले आणि १९५९ साली तिसरे विजेतेपद त्यांच्या हाती आले. मधल्या सव्वीस वर्षांत त्यांनी काय केले आणि कसे केले, हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

मॅक्लेंडन यांच्यावर जे लिहिले जाते त्यात बहुधा दोन स्वतंत्र गोष्टी असतात. एका गोष्टीत वेगवान खेळाचा जनक असलेला प्रशिक्षक असतो आणि दुसरीत वर्णभेदाच्या भिंती ओलांडणारा माणूस असतो. त्यांची कारकीर्द बारकाईने पाहिल्यावर ही विभागणी मला पटत नाही. खेळाच्या मैदानावर आणि मैदानाबाहेर ते एकच रीत वापरत आले. नियम काय आहे तो नीट वाचायचा, त्यात कुठे मोकळी जागा उरली आहे ते हेरायचे आणि समोरचा सावरायच्या आत त्या जागेत शिरायचे, ही ती रीत. पुढचे सर्व विवेचन याच अंगाने केले आहे.

लॉरेन्समधील तीन वर्षे

मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा या लहान गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण कॅन्सस सिटीत, कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या समनर हायस्कूलमध्ये झाले. खेळाडू म्हणून त्यांनी नाव काढले नाही, पण हा खेळ शिकवायचा हे त्यांनी लवकर ठरवले होते. त्यांच्या सुदैवाने खेळाचा निर्माताच त्या राज्यात राहत होता. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, थंडीच्या दिवसांत बंद व्यायामशाळेत खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून आणि तेरा नियम लिहून जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला होता. १८९८ पासून ते लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात शिकवत होते आणि १९३३ मध्ये सत्तरी ओलांडल्यावरही वर्गावर जात होते.

मॅक्लेंडन तेथे कसे पोहोचले ती हकिकत प्रसिद्ध आहे. वडिलांनी मुलाला विद्यापीठात आणून सोडले आणि सांगितले की, नेस्मिथ यांना जाऊन भेट आणि ते तुझे मार्गदर्शक आहेत असे सांग. मुलाने तसेच केले. हे तुला कोणी सांगितले, असे नेस्मिथ यांनी विचारल्यावर त्याने वडिलांचे नाव घेतले आणि वडील सांगतात ते बरोबरच असते, असे म्हणून नेस्मिथ यांनी त्याला आत घेतले. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी त्या विद्यापीठात नाव घातलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते.

विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ त्या काळी फॉग ॲलन यांच्या हाताखाली देशभर गाजत होता, पण त्यात कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. ही स्थिती १९५० नंतरच बदलली. मॅक्लेंडन संघात नसले तरी वर्गात होते, आणि वर्गात नेस्मिथ होते. नेस्मिथ यांचा प्रशिक्षणावर फारसा विश्वास नव्हता. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे ते म्हणत, आणि कॅन्ससच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त आहेत. तरीही त्यांनी या विद्यार्थ्याला एक गोष्ट दाखवली, जी पुढे त्याला आयुष्यभर पुरली. मोकळ्या मैदानावर खेळणारी मुले चेंडू जिकडे जाईल तिकडे धावतात. चेंडू हातचा गेला की ती मागे आपल्या टोपलीखाली जाऊन उभी राहत नाहीत, चेंडू जिथे आहे तिथेच तो परत मिळवू पाहतात. हा खेळ मुळात असाच, संपूर्ण मैदानभर खेळायचा आहे, असे नेस्मिथ यांचे मत होते. त्या काळच्या बहुतेक प्रशिक्षकांनी मात्र तो अर्ध्या मैदानात आणून बसवला होता.

लॉरेन्समधील पोहण्याच्या तलावाचे प्रकरण येथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढच्या सर्व लढ्यांचा नमुना त्यातच दिसतो. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक होती. विद्यापीठाचा तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होता. अशा विद्यार्थ्याने पाण्यात न उतरताच उत्तम श्रेणी घ्यावी आणि गप्प बसावे, अशी सोय प्रशासनाने पुढे केली होती. मॅक्लेंडन यांनी ती नाकारली आणि एके दिवशी सरळ पाण्यात उडी मारली. त्यानंतर तलावातील सगळे पाणी सोडून देण्यात आले.

मराठी वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर त्या तळ्याचे पंचगव्याने ‘शुद्धीकरण’ झाले होते, त्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी एका ठिकाणी पाणी मंत्राने शुद्ध केले आणि ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी ते झडप उघडून सोडून दिले, ते एकमेकांना ओळखत नव्हते. तरी त्यांचे मन सारखेच होते.

मॅक्लेंडन यांची पुढची चाल खास त्यांची होती. तलाव सर्वांना खुला केला तर दंगा होईल, असे प्रशासनाचे म्हणणे होते. तेव्हा नेस्मिथ यांचा पाठिंबा घेऊन त्यांनी अट मांडली की दोन आठवडे तलाव सर्वांसाठी खुला ठेवून पाहावा आणि काही अनुचित घडले नाही तर तो कायमचा खुला करावा. ही अट मान्य होताच त्यांनी विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र करून विनंती केली की या दोन आठवड्यांत कोणीही तलावाकडे फिरकू नये. कोणी गेले नाही, त्यामुळे काही घडलेही नाही, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तलाव सर्वांना खुला झाला. वयाच्या विशीत असलेल्या मुलाने प्रतिपक्षाने मान्य केलेली अट हाती घेऊन ती अक्षरशः पाळून दाखवली. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. ज्या भीतीच्या आधारावर दार बंद ठेवले होते, ती भीती कसोटीला लावली एवढेच.

१९३६ मध्ये पदवी आणि पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन ते नोकरीसाठी दक्षिणेकडे गेले.

डरहॅम आणि वेगाचे गणित

नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम शहरी ‘नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज’ या नावाची सरकारी संस्था होती. आज तिला नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ म्हणतात. मॅक्लेंडन १९३७ मध्ये तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि १९४० पासून १९५२ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. ईगल्स हे त्यांच्या संघाचे नाव.

त्यांनी तेथे काय उभे केले हे समजण्यासाठी एका नियमबदलाकडे पाहायला हवे. १९३७ पर्यंत महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून दोन खेळाडूंमध्ये वर उडवला जाई. म्हणजे गुण झाला की खेळ थांबे, दोन्ही संघ आपापल्या जागी परतत आणि मगच पुढचा डाव सुरू होई. १९३७-३८ च्या मोसमापासून ही पद्धत रद्द झाली. ज्याच्यावर बास्केट झाला, त्या संघाने आपल्या टोपलीमागच्या रेषेबाहेरून लगेच चेंडू आत टाकावा, असा नवा नियम आला. बहुतेक संघांनी हा बदल केवळ वेळेची बचत म्हणून स्वीकारला आणि खेळ पूर्वीच्याच संथ गतीने चालू ठेवला. दोन हातांनी, पाय रोवून, निवांत नेम धरून चेंडू फेकण्याचा तो काळ होता. महाविद्यालयीन खेळात चेंडू किती वेळ हातात ठेवावा यावर बंधन नव्हते आणि १९८५ पर्यंत ते सर्वत्र लागू झाले नाही.

मॅक्लेंडन यांनी नव्या नियमात वेगळेच काही वाचले. बास्केट झाल्यावर प्रतिस्पर्धी सुटकेचा श्वास घेतो आणि पाठ फिरवून मागे चालू लागतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत चेंडू रेषेबाहेरून आत, आतून मध्यावर आणि मध्यावरून पुढच्या टोपलीखाली पोहोचवता आला, तर समोर बचावासाठी उभे राहायला कोणी नसते. हाच फास्ट ब्रेक. याची दुसरी बाजू म्हणजे संपूर्ण मैदानावर दबाव. आपण बास्केट केल्यावर मागे न जाता प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोपलीखाली गाठायचे, चेंडू आत टाकणाऱ्याला वाट मिळू द्यायची नाही, घाईत चुकीचा पास द्यायला लावायचा. संथ खेळणाऱ्या संघाला चेंडू धरून बसण्याची मुभा नियमाने दिली होती, पण तो चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्याची जबाबदारी त्याच्यावरच होती, आणि नेमके तेथेच मॅक्लेंडन यांचे खेळाडू उभे असत. नेस्मिथ यांनी दाखवलेली मैदानातली मुले आता एका शिस्तीत धावू लागली होती.

असा खेळ चाळीस मिनिटे खेळायचा तर फुप्फुसे तयार हवीत. बास्केटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी मॅक्लेंडन आपल्या खेळाडूंना लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव देत. चेंडू हातात येण्यापूर्वी पायांची परीक्षा होई. दमलेला प्रतिस्पर्धी शेवटच्या दहा मिनिटांत चुका करतो, तेव्हा आपण न दमणे हीच आपली चाल, हे त्यांच्या आखणीचे मूळ होते. पुढे आघाडी मिळाल्यावर खेळ लांबवण्यासाठी खेळाडू कोपऱ्यांत पसरवून ठेवण्याची एक रचनाही त्यांनी बसवली. तिचेच पुढचे रूप अनेक वर्षांनी जवळच्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या हाताखाली प्रसिद्धीस आले.

कृष्णवर्णीय महाविद्यालयांची सीआयएए ही संघटना १९१२ पासून काम करत होती. तिची पहिली बास्केटबॉल स्पर्धा १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे भरवण्यात मॅक्लेंडन यांचा पुढाकार होता, आणि ती स्पर्धा त्यांच्याच संघाने जिंकली. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांत या सामन्यांना क्वचितच जागा मिळे. या प्रकरणातला सर्वांत दूरगामी अन्याय मला हाच वाटतो. त्यांना खेळू दिले जात होते, फक्त ते खेळल्याची दखल घ्यायची नाही अशी व्यवस्था होती.

रविवार सकाळ, अकरा वाजता

डरहॅममध्ये ड्यूक हे श्रीमंत, गोऱ्यांचे विद्यापीठही होते. १९४४ च्या मार्चमध्ये तेथील वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक बास्केटबॉल संघ गावात नावाजला होता. युद्धकाळात लष्करी वैद्यकीय प्रशिक्षणासाठी निरनिराळ्या राज्यांतून आलेले आणि त्याआधी आपापल्या महाविद्यालयांत खेळलेले तरुण त्यात होते. ईगल्सचाही तो मोसम झकास गेला होता. दोन्ही संस्थांतील काही विद्यार्थी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या बैठकींच्या निमित्ताने एकमेकांना भेटत. अशा भेटीही त्या गावात उघडपणे होत नसत. तेथेच कोणता संघ श्रेष्ठ यावर बोलणे निघाले आणि त्यातून सामन्याची कल्पना पुढे आली.

दक्षिणेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांनी एकमेकांशी खेळणे अशक्यप्राय होते. बसमध्ये कोणी कुठे बसायचे हेही कायद्याने ठरलेले होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डरहॅममध्येच बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळ्या घालून ठार मारले. वाद बसमधल्या जागेवरून झाला होता, आणि न्यायालयाने त्या चालकाला निर्दोष सोडले. मॅक्लेंडन यांनी ज्या गावात हा सामना ठरवला, ते गाव असे होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय या सामन्याकडे पाहता येत नाही.

त्यांनी वेळ निवडली १२ मार्च, रविवार, सकाळी अकराची. त्या वेळी गावातली बहुतेक माणसे, पोलिसांसह, चर्चमध्ये असतात. महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला काही कळवले नाही. ड्यूकचे खेळाडू मोटारींतून आडवाटेने आले आणि व्यायामशाळेत शिरताना त्यांनी डोक्यावरून जॅकेटे ओढून घेतली. सगळे आत आल्यावर दरवाज्याला कुलूप लागले. प्रेक्षक कोणी नव्हते. तरी सुगावा लागलेले काही विद्यार्थी उंचावरच्या खिडक्यांपर्यंत चढून आत डोकावत होते.

पहिली काही मिनिटे दोन्ही बाजू चाचपडत खेळल्या. पास चुकत होते, सोपे नेम हुकत होते. ईगल्समधल्या बहुतेकांनी गोऱ्या खेळाडूच्या अंगाला अंग लावून कधी चेंडू हिसकावला नव्हता, आणि ड्यूकच्या मुलांनीही असा सामना कधी खेळला नव्हता. मग हळूहळू ईगल्सना आपली लय सापडली, धावणे सुरू झाले, दबाव वाढला, आणि समोरचा अनुभवी संघ मागे पडत गेला. सामना ८८-४४ असा संपला. त्यानंतर जे घडले ते मला या सामन्याच्या निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते. थोडी विश्रांती घेऊन दोन्ही संघांनी खेळाडू आपापसांत वाटून घेतले, एका बाजूने शर्ट काढले, दुसरीने ठेवले, आणि गोरे व कृष्णवर्णीय खेळाडू एकाच संघातून पुन्हा एक सामना खेळले. नंतर पाहुणे मुलांच्या वसतिगृहात जाऊन गप्पा मारत बसले.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या गुणसंख्येकडे पाहावे. याच महिन्याच्या अखेरीस एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या प्रमुख राष्ट्रीय संघटनेचा अंतिम सामना युटा विद्यापीठाने डार्टमथविरुद्ध ४२-४० असा जिंकला, आणि तोही जादा वेळेत. देशातल्या अधिकृत अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी मिळून ८२ गुण केले, आणि कुलूपबंद व्यायामशाळेत एकट्या ईगल्सनी ८८. एका खासगी सामन्याची अधिकृत सामन्याशी तुलना करताना सावध राहायला हवे हे खरे, तरीही मॅक्लेंडन यांचा संघ कोणत्या गतीने खेळत होता याची कल्पना या दोन आकड्यांवरून यावी.

सामन्याची बातमी कुठेच छापून आली नाही. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या बातमीदाराला कुणकुण लागली होती, पण खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून त्यानेही मौन पाळले. अर्धशतक उलटून गेल्यावर, १९९६ मध्ये, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी लिहिलेल्या लेखातून हा सामना जगापुढे आला.

राष्ट्रीय स्पर्धेचे दार

१९५२ ते १९५४ या काळात मॅक्लेंडन हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्यानंतर ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीय विद्यापीठात गेले. एव्हाना त्यांचे लक्ष राष्ट्रीय स्पर्धांकडे वळले होते. कृष्णवर्णीय महाविद्यालये कितीही जिंकली तरी ती आपसांतच जिंकत होती. इतर कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना बरोबर घेऊन त्यांनी राष्ट्रीय संघटनांकडे प्रवेशासाठी पाठपुरावा केला. एनसीएए बधली नाही. लहान महाविद्यालयांच्या एनएआयए या संघटनेने मात्र ऐकले. या संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडूंवरची बंदी १९४८ मध्येच उठवली होती, आणि १९५३ मध्ये कृष्णवर्णीय महाविद्यालयांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत एक जागा दिली. ती पहिली जागा टेनेसी ए अँड आयनेच मिळवली होती.

मॅक्लेंडन तेथे रुजू झाल्यावर १९५४ मध्ये एनएआयएच्या मोसमारंभीच्या स्पर्धेचे निमंत्रण आले. स्पर्धा मिसूरीतील कॅन्सस सिटीत होती, म्हणजे ते ज्या गावात शिकले त्याला लागून असलेल्या शहरात. तेथील हॉटेले आणि खाणावळी गोऱ्यांसाठीच असून कृष्णवर्णीयांना बंद आहेत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. माझा संघ इतर संघांसारखाच शहराच्या मध्यातल्या हॉटेलात उतरेल आणि त्याच ठिकाणी जेवेल, तरच आम्ही येऊ, अशी अट त्यांनी घातली, आणि ती मान्य करून घेतली. लॉरेन्सच्या तलावाची आठवण येथे अपरिहार्य आहे. दोन्ही वेळी त्यांनी भाषण केले नाही. अट लिहिली, ती दुसऱ्याकडून मान्य करवून घेतली आणि मग काटेकोरपणे पाळली.

एनएआयएची राष्ट्रीय स्पर्धा खास त्यांच्या संघासाठी आखल्यासारखी होती. ३२ संघ एका आठवड्यात एकाच ठिकाणी, कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये खेळत, आणि विजेत्याला सहा दिवसांत पाच सामने जिंकावे लागत. अशा स्पर्धेत चौथ्या-पाचव्या दिवशी ज्यांच्या पायांत बळ उरते तेच पुढे जातात. १९५७ मध्ये टेनेसी ए अँड आयने साउथईस्टर्न ओक्लाहोमाला ९२-७३ असे हरवून विजेतेपद मिळवले. सर्व वर्णांच्या संघांना खुल्या असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे ते पहिले विजेतेपद होते. १९५८ मध्ये वेस्टर्न इलिनॉयला ८५-७३ आणि १९५९ मध्ये पॅसिफिक ल्यूथरनला ९७-८७ असे हरवून त्यांनी ते राखले. डिक बार्नेट आणि जॉन बार्नहिल हे या संघाचे आधारस्तंभ होते. बार्नेट हा १९५८ आणि १९५९ अशा दोन्ही स्पर्धांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे न्यूयॉर्क निक्सबरोबर एनबीए या प्रमुख व्यावसायिक लीगचा विजेता झाला.

१९५७ च्या मार्च महिन्यातला एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. टेनेसी ए अँड आयने ज्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये विजेतेपद मिळवले, त्याच सभागृहात काही दिवसांनी एनसीएएचा अंतिम सामना झाला. तेथे कॅन्सस विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून तीन जादा डावांनंतर ५४-५३ असे हरले. त्या कॅन्सस संघाचा मुख्य आधार विल्ट चेंबरलेन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. ज्या विद्यापीठाने वीस वर्षांपूर्वी मॅक्लेंडन यांना संघाबाहेर ठेवले, तेच आता एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या जोरावर अंतिम फेरी गाठत होते.

क्लीव्हलँड आणि नंतर

१९५९ नंतरची वर्षे थोडक्यात सांगता येतील, कारण त्यांत ‘पहिले’ हा शब्द वारंवार येत असला तरी खेळाच्या दृष्टीने ती आधीच्या वीस वर्षांइतकी समृद्ध नाहीत. ओहायोतील क्लीव्हलँड पायपर्स या औद्योगिक लीगमधल्या संघाला त्यांनी १९६१ मध्ये हौशी संघांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी हा संघ नव्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला, तेव्हा व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. एनबीएने असा प्रशिक्षक नेमायला आणखी पाच वर्षे घेतली. संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्या कारभाराशी न पटल्याने मोसमाच्या मध्यातच त्यांनी राजीनामा दिला. नंतर केंटकी स्टेटमध्ये तीन वर्षे काढून १९६६ मध्ये ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांचे बहुमत असलेल्या विद्यापीठाच्या संघाला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. तेथे त्यांना पूर्वीसारखे यश आले नाही. १९६९ मध्ये एबीए लीगमधील डेन्व्हर रॉकेट्सची सूत्रे हाती आली, परंतु २८ सामन्यांत ९ विजय आणि १९ पराभव झाल्यावर त्यांना दूर करण्यात आले.

या टप्प्याचे मूल्यमापन करताना मी एवढेच म्हणेन की मॅक्लेंडन यांच्या पद्धतीला वेळ आणि मोकळीक लागत असे. आधी पाय घडवायचे आणि मग खेळ घडवायचा, या क्रमाला विद्यार्थ्यांचे संघ तयार होते. व्यावसायिक संघांत खेळाडू तयार होऊन येतो आणि निकाल आठवड्याला मागितला जातो. १९६५ मध्ये फास्ट ब्रेकवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी सराव, श्वास आणि धावण्याच्या वाटा ज्या तपशिलाने मांडल्या, त्यावरून त्यांचा मूळ पिंड शिक्षकाचा होता हे स्पष्ट होते. १९६८ च्या अमेरिकन ऑलिंपिक संघाच्या प्रशिक्षक मंडळात त्यांचा समावेश झाला. तेथे पोहोचणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. नंतर बरीच वर्षे ते कॉन्व्हर्स या बूट बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करत खेळाच्या प्रसारासाठी फिरले. उतारवयात क्लीव्हलँड स्टेटमध्ये परत येऊन त्यांनी खेळांच्या इतिहासातील अल्पसंख्याकांच्या भूमिकेवर वर्ग घेतले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

नोंद

महाविद्यालयीन प्रशिक्षक म्हणून पंचवीस मोसमांत मॅक्लेंडन यांनी ५२३ सामने जिंकले आणि १६५ गमावले. स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे राष्ट्रीय सन्मानगृह आहे आणि त्याला नेस्मिथ यांचे नाव आहे. १९७९ मध्ये या सन्मानगृहाने मॅक्लेंडन यांना दाखल करून घेतले, पण प्रशिक्षक म्हणून नव्हे, खेळाला ‘योगदान’ देणारे म्हणून. ज्यांच्या विजयांची संख्या आणि सलग तीन विजेतेपदे समोर होती, त्यांना प्रशिक्षकांच्या यादीत न घालता बाजूच्या यादीत घालण्याचे कारण शोधताना आपण पुन्हा त्याच न छापलेल्या बातम्यांपाशी येतो. कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधल्या सामन्यांत मिळवलेला विजय हा पूर्ण विजय मानायचा की नाही, याबद्दल खेळाच्या संस्थांच्या मनात कायम खळखळ राहिली. १९४४ च्या त्या सामन्याला साक्षीदार नव्हते हे समजू शकते, पण १९५७ ते १९५९ चे सामने तर भरलेल्या सभागृहात झाले होते.

डिक बार्नेट यांनी निवृत्तीनंतर अनेक वर्षे आपल्या जुन्या संघाच्या नोंदीसाठी पाठपुरावा केला. मॅक्लेंडन यांना प्रशिक्षक म्हणून सन्मानगृहात स्थान मिळाले ते २०१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. टेनेसी ए अँड आयचा तीन विजेतेपदांचा संघ २०१९ मध्ये आत आला आणि स्वतः बार्नेट २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी.